आखाजीचे नाटक आणि बाहेरचा माणूस

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावातील मुलांनी एक विनोदी नाटक केले. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा तालुक्यात असलेले आमचे गाव नाटकाचे गाव म्हणून ओळखले जात नाही. आखाजीच्या यात्रेत दिवसा तगतरावाची, म्हणजे सजवलेल्या गाड्याची, मिरवणूक निघते, संध्याकाळी भगत एकामागे एक बांधलेल्या बारागाड्या ओढतो आणि रात्री बाहेरगावाहून आलेल्या मंडळाचा तमाशा उभा राहतो, एवढीच आमची रंगभूमी. या वर्षी तमाशाच्या आदल्या रात्री मारुतीच्या देवळापुढे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना जोडून, त्यांवर फळ्या टाकून गावच्याच सात मुलांनी सव्वा तासाचे नाटक सादर केले. ते माझ्या भाच्याने लिहिले होते. त्याचे हस्तलिखित मी फाल्गुनापासून वाचत होते आणि शेवटच्या दहा दिवसांच्या तालमींना धुळ्याहून येऊन मुक्कामाला राहिले होते, त्यामुळे या नाटकाबद्दल मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. तरीही लिहिते आहे, कारण बाहेरच्या माणसाकडे पाहून आपण नेमके कशाला हसतो, हा प्रश्न त्या दहा दिवसांत माझ्यापुढे जसा उभा राहिला, तसा वीस वर्षे मराठी शिकवताना कधी राहिला नव्हता.

आधी नाटकाची गोष्ट सांगते. वैशाखातील दुपार आहे. पारावर चार माणसे बसली आहेत. मृगबागेची, म्हणजे मृग नक्षत्रात लावलेल्या केळीची, कापणी चालू आहे, केळीचा बोर्डाचा भाव पडला आहे आणि उन्हाने घड काळे पडू लागले आहेत. एवढ्यात मोटारसायकलवरून एक तरुण येतो. त्याच्या पाठीवर पिशवी आहे आणि हातात लोखंडी नळी. तो सांगलीकडचा आहे. शेजारच्या गावातील स्वयंचलित हवामान केंद्राची दुरुस्ती करायला निघालेला हा मुलगा रस्ता चुकून आमच्या पारावर पोहोचतो आणि पाणी मागतो.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला पुढचे सांगण्याची गरज नाही, इतरांसाठी मात्र थोडे सांगायला हवे. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. थंडीत तापमान ठरावीक अंशाच्या खाली किंवा उन्हाळ्यात ठरावीक अंशाच्या वर ठरलेले दिवस सलग राहिले, किंवा वेगाचा वारा सुटला, आणि तशी नोंद महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या यंत्रावर झाली, की भरपाई मिळते. शेतकऱ्याच्या बागेत काय झाले, यापेक्षा यंत्राने काय नोंदवले याला येथे महत्त्व येते. स्वतःच्या डोळ्यांदेखत झाड मोडून पडलेला माणूस चार कोसांवरच्या खांबावर बसवलेल्या डबीत कोणता आकडा उमटला याची चौकशी करत फिरतो, हे दृश्य आमच्याकडे दर उन्हाळ्यात दिसते. त्यामुळे त्या यंत्राला हात लावणारा माणूस पारावर आला आहे, असे कळल्यावर गावाची काय अवस्था होईल, याची कल्पना करता येते.

तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगतो की, यंत्र फक्त मोजते, मी ते पुसून आणि तपासून परत जातो. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पहिला शेतकरी त्याला घरी नेऊन वरणबट्टी वाढतो आणि हात जोडून म्हणतो, "साहेब, दोन डिग्री वाढाई द्या, तुमनं काय जास?" दुसरा त्याला बाजूला घेऊन पुन्हा वरणबट्टी वाढतो आणि तीच मागणी करतो, पण फक्त स्वतःच्या गटापुरती. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या मोजणीसाठीच हा आला आहे आणि हवामानाचे सोंग घेतो आहे, अशी तिसऱ्याची खात्री झाली आहे. आपले वावर रस्त्यात जावे की जाऊ नये, हे मात्र त्याचे स्वतःचेच ठरलेले नाही. सकाळी जमीन वाचवण्यासाठी आणि दुपारी मोबदला मिळण्यासाठी त्याच माणसापुढे तो विनवणी करतो. नाटकातील सर्वांत चांगला प्रवेश हाच आहे. एकाच माणसाच्या तोंडी थोड्या अंतराने दोन विरुद्ध विनंत्या येतात, दोन्ही खऱ्या असतात, आणि प्रेक्षक हसताना गप्पही होतात, कारण ही ओढाताण प्रत्येक घरात झालेली आहे.

भाषेचे विनोदही आहेत आणि ते मला आवडले. अहिराणीत 'आहे' या अर्थी 'शे' म्हणतात. पारावरचा म्हातारा नळीकडे बोट दाखवून विचारतो, "हाई काय शे?" सांगलीच्या मुलाला वाटते, म्हातारा शेकड्यातला आकडा विचारतो आहे. तो गोंधळून उत्तर देतो, "शे कुठले बाबा, बेचाळीसच आहे." यात कोणीही लहान होत नाही. दोघेही मराठीच बोलतात, दोघेही बरोबर असतात आणि तरीही दोघांमध्ये दरी राहते. अशा विनोदात दोन्ही बाजूंचा मान राहतो. दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल करून मिळवलेल्या हशात तो राहत नाही.

भाच्याच्या पहिल्या खर्ड्यात या नाटकाचा शेवट वेगळा होता. तो सांगलीचा मुलगा भामटा निघत होता. तीन घरी जेवून, चार जणांकडून पैसे घेऊन तो रात्री पळून जात होता आणि गाव कपाळावर हात मारून घेत होते. तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना हा शेवट फार पसंत पडला होता. मी विरोध केला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. भाचा मला म्हणाला, "फुई, लोकांना हसायला काहीतरी पाहिजे ना." मी त्याला सांगितले की, बाहेरचा माणूस चोर निघाला की गाव धुतल्यासारखे स्वच्छ होते. दोन अंश वाढवून मागणारा शेतकरी, फक्त आपल्या गटापुरते मागणारा शेजारी, सकाळ-दुपार बाजू बदलणारा तिसरा, हे सगळे एका क्षणात फसवले गेलेले बिचारे ठरतात आणि प्रेक्षक त्यांची लबाडी विसरून घरी जातात.

याच ओघात मी त्याला रशियन लेखक गोगोलच्या नाटकाविषयी सांगितले. १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम रंगलेल्या त्या नाटकात आडगावी अडकलेल्या एका उनाड तरुणाला सगळे अधिकारी गुप्तपणे आलेला तपासनीस समजतात. पु. ल. देशपांडे यांनी ते 'अंमलदार' या नावाने मराठीत आणले. त्या नाटकातला बाहेरचा माणूस खोटारडा आहे, फुशारक्या मारणारा आहे आणि सगळ्यांकडून पैसे घेऊन निघूनही जातो. तरीही त्याच्या जाण्याने गाव स्वच्छ होत नाही, कारण तो आला तेव्हा प्रत्येकाने स्वतःहून आपला गुन्हा दाखवून ठेवलेला असतो आणि शेवटी खरा तपासनीस येऊन ठेपल्याची वर्दी येते. माझा मुद्दा एवढाच होता की, बाहेरून आलेला माणूस ही विनोदी नाटकातील बत्ती आहे. ती पेटल्यावर घरात काय दिसते, ते नाटकाने दाखवायचे असते.

भाच्याने दोन दिवस माझ्याशी फारसे बोलणे केले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवा शेवट आणला. या शेवटात सांगलीचा मुलगा प्रामाणिकच आहे. गावकरी मात्र त्याला चोर समजून वेशीपर्यंत पिटाळतात. त्याच वेळी पारावर गावचाच एक जण शांतपणे पान खात बसलेला असतो. त्याने गेल्या दोन वर्षांत रस्त्याकडेची अकरा बिघे जमीन गावकऱ्यांकडून घेऊन बिगरशेती भूखंडांसाठी बाहेर विकली आहे. त्याचे एकच वाक्य नाटकभर परत परत येते: "मी गावना माणूस शे, मी कसाले फसाडसू?" प्रत्येक वेळी लोक मान डोलावतात. शेवटी तो हेच वाक्य रिकाम्या पाराला ऐकवतो आणि पडदा पडतो. पडदा म्हणजे माझ्या वहिनीचे जुने लुगडे होते, पण ते योग्य वेळी पडले.

येथे थोडे मागे जाऊन आपल्या परंपरेकडे पाहावेसे वाटते. बाहेरचा माणूस मराठी लोकरंगभूमीला नवा नाही. ती त्याच्याच खांद्यावर उभी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली, तेव्हा त्यांनी बोलायला कोणाला उभे केले, ते पाहण्यासारखे आहे. वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी, भुत्या अशी ही सगळी फिरती माणसे आहेत. ती कोणत्याच गावची नाहीत. पहाटे दारात येतात, गावकऱ्याला त्याचे खरे रूप सांगतात आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. आतल्या माणसाला जे सांगता येत नाही, ते सांगण्याचा अधिकार आपल्या परंपरेने वाटसरूला दिला. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या वाटेवर पेंद्या आणि मावशी यांची जी झटापट होते, तीही वाटेवरचीच आहे. ओळखीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडल्यावर माणसे वेगळी बोलू लागतात आणि त्यातून विनोद उभा राहतो, हे त्या जुन्या कलावंतांना पक्के ठाऊक होते.

पुढे हे बदलले. शहरी नाटकात खेड्यातला माणूस बाहेरचा ठरला आणि त्याची बोली हशाचे साधन झाली. गावाकडच्या हौशी नाटकांनी तोच उपाय उलटा वापरला आणि सुटाबुटातला साहेब, तोडकी मराठी बोलणारा परप्रांतीय, चुरुचुरु इंग्रजी बोलणारी शहरी मुलगी यांना टवाळीला बसवले. खान्देशी माणसाने यातला पहिला प्रकार पुरेपूर सोसला आहे. पुण्यात शिकायला गेले असताना माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माले' निघाले की खोलीतल्या मुली हसून लोळत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतरची दोन वर्षे मी आईशी फोनवरसुद्धा प्रमाण मराठीत बोलले आणि त्याचे दुःख मला अजून आहे. बोली ही विदूषकापुरती नसते, तिच्यात अख्खे नाटक राहू शकते, हे गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० मध्ये मालवणीच्या बाबतीत व्यावसायिक रंगभूमीवर सिद्ध केले. आमच्या मुलांच्या नाटकात सगळे गाव अहिराणी बोलते आणि प्रमाण मराठी बोलणारा एकटा पडतो, हे पाहून मला म्हणूनच फार समाधान वाटले होते. ते समाधान चौथ्या तालमीपर्यंत टिकले.

चौथ्या तालमीला केळी कापणाऱ्या टोळीतला एक पावरा मुलगा शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. सातपुड्यातील पावरा आणि बारेला समाजाची माणसे आमच्या भागात पिढ्यानपिढ्या कामाला येतात. अलीकडे मध्य प्रदेशातून, बडवानी आणि खरगोनकडूनही टोळ्या येतात. पहाटे बागेत शिरून घड कापायचा, तो खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, फण्या वेगळ्या करून धुवायच्या आणि खोक्यांत भरायच्या, हे सगळे काम त्यांच्या हातचे आहे. सावदा-रावेरहून रेल्वेने दिल्लीला गेलेली केळी असोत की ट्रकने उत्तरेला गेलेली, त्यांना पहिला हात या लोकांचा लागलेला असतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. त्या अभिमानात ही माणसे कोठे आहेत, याचा विचार मी तरी तेव्हा केला नव्हता.

नाटकात पावरा मजुराची एक लहान भूमिका होती. तो पाणी घेऊन येतो, मोडक्या मराठीत दोन वाक्ये बोलतो, लोक हसतात आणि तो जातो. आमच्याच एका मुलाने ती भूमिका केली होती आणि तो नक्कल फार चांगली करत असे. ओट्यावरचा मुलगा बाकी सगळ्या नाटकाला मनापासून हसला आणि या जागी हसला नाही. तालीम संपल्यावर भाच्याने त्याला कसे वाटले म्हणून विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने शांतपणे सांगितले की, घरी आम्ही आमची बोली बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि तुमच्याशी बोलण्यासाठी मराठी शिकलो. शिकलेली गोष्ट थोडी चुकतेच, आणि तुम्हाला आमची बोली एवढीसुद्धा येत नाही, तरी तुमच्या नाटकात चुकणारे आम्हीच.

मी तेथेच उभी होते. पुण्यातली ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. ज्या वागणुकीने मला माझ्या आईच्या भाषेपासून दोन वर्षे दूर ठेवले, तीच वागणूक मी चार दिवस तालमीत बसून पाहत होते, आणि सांगलीच्या मुलाला न्याय द्या म्हणून वाद घालणाऱ्या मला ती दिसली नव्हती. सांगली दूर आहे म्हणून तो पाहुणा ठरला. पावऱ्यांचा पाडा गावापासून सात किलोमीटरवर आहे, त्यामुळे ती माणसे आम्हाला परकीही वाटत नाहीत आणि आपलीही वाटत नाहीत.

भाच्याच्या बाबतीत एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगायची आहे. नव्या शेवटासाठी त्याला दोन दिवस लागले होते, या वेळी त्याने एक रात्रही घेतली नाही. त्याने त्या मुलाला विचारले की, ही भूमिका तू करशील का आणि तुला हवे ते बोलशील का. मुलाने होकार दिला, पण एक अट घातली की, माझे वाक्य मी तालमीत बोलणार नाही.

तालमींबद्दल आणखी एक सांगायचे आहे. सातही मुलगे होते आणि नाटकात एकही बाई नव्हती. मी त्यांना विचारले की, गावातला सर्वांत जुना बाहेरचा माणूस कोण. कोणी मारवाडी दुकानदाराचे नाव घेतले, तर कोणी कापसाच्या व्यापाऱ्याचे. मी त्यांना त्यांच्या आया दाखवल्या. सासरी आलेली प्रत्येक बाई बाहेरगावची असते आणि आमच्याकडे तिला आयुष्यभर माहेरच्या गावाच्या नावाने ओळखतात. आखाजीचा सण तर याच गोष्टीवर उभा आहे. गौराईची गाणी आणि झाडाला बांधलेले झोके हे सगळे माहेरी परतलेल्या लेकीचे आहे. भाऊ कधी न्यायला येतो, सासू पाठवते की नाही, हीच त्या गाण्यांची विषयसूची आहे. या गाण्यांचा सण जवळ आला असताना लिहिलेल्या बाहेरच्या माणसावरच्या नाटकात बाई नसावी, ही उणीव मला फार मोठी वाटली.

त्यातून म्हातारीचा प्रवेश आला. पिटाळलेला सांगलीचा मुलगा वेशीजवळच्या घरापाशी थांबतो. ओसरीवर बसलेली म्हातारी त्याला विचारते, "कोना पोऱ्या रे तू, भाऊ?" नाटकात तोवर कोणीही त्याला तो कोणाचा, हे विचारलेले नसते. सगळ्यांनी काय काम आहे, एवढेच विचारलेले असते. तो म्हणतो, मी येथला नाही, आजी. तेव्हा म्हातारी उत्तर देते, "चाळीस वरीस व्हयनात माले या गावमा, तरी माले धरणगाववालीच म्हनतस." हे वाक्य माझ्या आईचे आहे. ती खरोखरच धरणगावची आहे आणि गावात तिला अजूनही तेच नाव आहे. लुगडे नेसून म्हातारी झालेला मुलगा बारावीत शिकतो. त्याने कोणताही हावभाव न करता, नजर खाली ठेवून ते वाक्य म्हटले. मला तो अभिनय फार मोठा वाटला.

प्रयोगाच्या रात्री साडेनऊला नाटक सुरू झाले, तेव्हाही जमिनीतून वाफ येत होती. सुरतेहून आलेली माणसे पुढे बसली होती. उधना आणि लिंबायतमध्ये आमच्या तालुक्यातली इतकी घरे आहेत की आखाजीला गावाची लोकसंख्या वाढते आणि परतीच्या भुसावळ–सुरत गाडीला उभे राहायला जागा मिळत नाही. बायका देवळाच्या ओट्यावर होत्या. केळीच्या टोळीतली तीस-पस्तीस माणसे मागच्या बाजूला, उजेडाच्या कडेला उभी होती. त्यांना बसायला कोणी सांगितले नव्हते, आणि ते माझ्या लक्षात प्रयोग सुरू झाल्यानंतर आले.

पहिला अर्धा भाग उत्तम झाला. 'काय शे'ला मोठा हशा मिळाला. तिसऱ्या वरणबट्टीच्या वेळी तर प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडून सांगलीच्या मुलाला जेवू नको म्हणून सांगितले. मधला भाग लांबला आहे आणि तो कमी करायला हवा, हे तालमीतच दिसत होते. जमिनीच्या व्यवहाराची माहिती संवादांतून देण्याच्या नादात दोन पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसतात, आणि प्रेक्षक तेव्हा पाणी प्यायला उठतात. भाच्यालाही हे मान्य आहे. गावच्या माणसाचे शेवटचे वाक्य आले, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतील दोघांनी मागे वळून कोणाकडे तरी पाहिले. कोणाकडे पाहिले, ते मी येथे लिहिणार नाही.

पावरा मुलाचा प्रवेश त्याआधी होता. तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. सांगलीच्या मुलाने त्याला विचारले की, येथून शेजारच्या गावाला कसे जायचे. त्याने तांब्या खाली ठेवला आणि पावरी बोलीत दीड-दोन मिनिटे उत्तर दिले. हाताने डोंगर दाखवला, पार दाखवला, पारावर बसलेल्या एकेका पात्राकडे बोट करून काहीतरी सांगितले आणि शेवटी एक छोटेसे वाक्य म्हणून तांब्या उचलून तो निघून गेला. गावातल्या एकालाही त्यातले काही समजले नाही. उजेडाच्या कडेला उभी असलेली तीस-पस्तीस माणसे मात्र पहिल्या वाक्यापासून हसत होती, आणि शेवटच्या वाक्याला त्यांच्यातला एक म्हातारा तर गुडघे धरून खाली बसला. सगळे गाव माना वळवून मागे पाहत होते. आपल्याच देवळापुढे, आपल्याच नाटकात, आपल्यावरच चाललेला विनोद आपल्याला कळत नाही, हे त्या रात्री गावाने पहिल्यांदा अनुभवले. माझ्या शेजारी बसलेले जिभाऊ मला हळूच विचारत होते की, तो काय बोलला. मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने त्या मुलाला विचारले, तर तो हसला आणि बागेत काम आहे म्हणून गेला.

आई प्रयोगानंतर बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या वाक्याला ओट्यावरच्या बायका आधी हसल्या आणि मग त्यांच्यापैकी एकीने पदराने डोळे पुसले, असे मला वहिनीने सांगितले. मी स्वतः तेव्हा आईकडे पाहण्याचे टाळले होते. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले की, त्या म्हातारीने मुलाला पाणी दिले, पण गूळ का दिला नाही. उन्हातून आलेल्याला नुसते पाणी देत नाहीत. पुढच्या प्रयोगात गूळ असेल.

पुढचा प्रयोग ठरला आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या सुरतवाल्यांपैकी एकाने प्रयोग संपताच भाच्याला गाठले आणि श्रावणात आमच्या कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला हे नाटक उधन्याला करा, असा आग्रह धरला. तेथे आमच्या लोकांच्या गल्ल्याच्या गल्ल्या कानबाई बसवतात आणि त्या दोन दिवसांत लूमवरचा माणूसही सुटी घेतो. याच माणसाने नाटकाविषयी एक तक्रारही केली आणि ती मला विचार करण्यासारखी वाटली. तो म्हणाला, "सुरतमा माले महाराष्ट्रना म्हनतस, आठे उनू ते सुरतवाला म्हनतस, मंग तुमना नाटकमा मी कथा शे?" म्हणजे, तुमच्या नाटकात मी कुठे आहे? त्याचे म्हणणे बरोबर आहे. पंचवीस वर्षे साड्यांच्या कारखान्यात काढलेला, आखाजीला चार दिवस येऊन वावराच्या बांधावर फेरी मारणारा माणूस या नाटकात नाही. आमच्या गावात तो प्रत्येक दुसऱ्या घरात आहे.

भाचा आता त्याच्यासाठी नवे पात्र लिहितो आहे आणि रोज रात्री मला एकेक पान पाठवतो. आमच्यात सध्या जो वाद चालू आहे, तो त्या पात्राविषयी नाही. आमच्या नाटकात पार मध्यभागी असतो, गावकरी त्यावर बसतात आणि बाहेरचा माणूस बाजूने येतो. उधन्यातले सगळे प्रेक्षक स्वतःच बाजूने आलेले आहेत. तेव्हा तेथे पार कोठे मांडायचा आणि त्यावर कोणाला बसवायचे, हे भाच्याने मला परवा विचारले आहे आणि मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.